सहाणेवरील वेढे

मराठी घरांत तान्ह्याच्या पोटदुखीवर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड सहाणेवर उगाळीत. कशाचे किती वेढे, हें बाळाचें वय व तक्रार पाहून ठरे. ही चाल पुरातन. नेपाळांत सांपडलेली व १९३८ सालीं मुंबईस छापली गेलेली ‘काश्यपसंहिता’ दगडावर सोनें उगाळून मध-तुपासह चाटविण्यास सांगते. मात्र चाटण कोणत्या बालकांस देऊं नये, हेंही ती सांगते. १९७६ सालीं अमेरिकेंत तान्ह्यांस लुळें पाडणारा बॉट्युलिझम ओळखला गेला. पुढें मधांतील जंतुबीजें त्याचें एक कारण ठरलीं. म्हणून वर्षाच्या आंतील बाळास आज मध वर्ज्य आहे. ‘कोणास देऊं नये’ हा संहितेचाच प्रश्न. तो गुटीपूर्वीं डॉक्टरांसही विचारावा.