खातेदाराचे हस्तांतरण : पनवेल महानगरपालिका आणि मालमत्ता कराच्या नोंदी

प्रशासनाच्या इतिहासलेखनात कायदे, सनदा आणि निवडणुका यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे खातेवहीला मिळालेले नाही. वस्तुतः सत्तेचे हस्तांतरण सामान्य नागरिकाच्या दारी पोहोचते ते बहुधा देयकाच्या रूपाने. एका कार्यालयाच्या दप्तरातील नाव दुसऱ्याच्या दप्तरात नेणे ही वरकरणी कारकुनी बाब आहे. तथापि १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाल्यानंतर जो दीर्घ करविवाद उद्भवला, त्याचे मूळ या कारकुनी बाबीतच शोधावे लागते.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे १८५० च्या सव्विसाव्या कायद्याखाली स्थापन झालेल्या अगदी आरंभीच्या नगरपालिकांपैकी एक. १९९९ मध्ये राज्यातील नगरपालिका क्षेत्रांतून जकात रद्द झाली आणि अशा संस्थांच्या स्वतःच्या उत्पन्नात मालमत्ता कराचे महत्त्व वाढले. दरम्यान १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील भूसंपादित जमिनीवर नवी मुंबई वसविली होती. खारघर, कामोठे, कळंबोली या वसाहती त्यातूनच उभ्या राहिल्या. महानगरपालिकेत जुने पनवेल शहर, या वसाहती आणि २९ गावे एकत्र आली. त्याबरोबर तीन भिन्न वंशांच्या नोंदवह्याही एकत्र आल्या.

पहिली नोंदवही नगरपालिकेची. तिच्यातील आकारणी १९६५ च्या नगरपालिका अधिनियमानुसार होत असे. दुसरी ग्रामपंचायतीची : नमुना ८ ही कर आकारणीची, तर नमुना ९ ही कर मागणीची नोंदवही. तिसरी सिडकोची, आणि ती मुळात करदात्यांची वहीच नव्हे. सिडकोने भूखंड भाडेपट्ट्याने दिले. त्यामुळे तिच्या लेखी रहिवासी हा पट्टेदार, आणि तो भरतो ते सेवा शुल्क. कर हा कायद्याने बसतो, शुल्क हे दिलेल्या सेवेपोटी घेतले जाते. संगणकाच्या तक्त्यात दोन्ही रकमा एकाच रकान्यात बसू शकतात. कायद्यात मात्र बसत नाहीत.

नोंदींचे एककही निरनिराळे होते. भाडेपट्टा अनेकदा गृहनिर्माण संस्थेच्या नावे असतो, तर मालमत्ता कराचे खाते सदनिकेगणिक उघडावे लागते. म्हणजे एका जुन्या खात्यातून अनेक नवी खाती निर्माण होतात, आणि त्यांपैकी कित्येकांना पूर्वेतिहासच नसतो. अशी खाती स्थलांतरित होत नाहीत, ती नव्याने जन्माला येतात. त्यासाठी घरोघरच्या सर्वेक्षणावाचून गत्यंतर नसते. गावठाणांत याच्या उलट स्थिती आढळते. नमुना ८ मधील नोंद घराची असते, जमिनीच्या मालकीचा तो पुरावा नव्हे. परंतु ज्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांनी संपादित जमिनीवर, शासकीय परिभाषेत ‘गरजेपोटी’, घरे बांधली, त्यांना आपले घर अमुक वर्षी उभे होते हे दाखविण्यास घरपट्टीची पावती हाच मोठा आधार वाटत आला. अशा नोंदीत घर क्रमांक चुकला वा वर्ष गळाले, तर गणकाच्या दृष्टीने ती किरकोळ त्रुटी. कुटुंबाच्या दृष्टीने तो पन्नास वर्षांच्या वहिवाटीवरचा घाला होय.

तरीही नावे व क्रमांक यांतील चुका दुरुस्त होऊ शकतात. खरा पेच आरंभीच्या तारखेचा आणि शिलकेचा. जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत जाताना प्रत्येक खात्यावर एक आरंभीची शिल्लक मांडावी लागते. ती शून्य धरावी की मागील देणे धरावे, हा हिशेबाचा नव्हे, धोरणाचा प्रश्न आहे. वसाहतींतील मालमत्ता कराची देयके २०२१ मध्ये लोकांच्या हाती पडली, ती स्थापनेच्या दिनांकापासूनच्या आकारणीसह. ज्या खात्यांना आदल्या दिवसापर्यंत अस्तित्व नव्हते, त्यांच्यावर पहिल्याच दिवशी काही वर्षांची थकबाकी उभी राहिली. याच काळात आपण सिडकोला सेवा शुल्क भरले, मग हा दुहेरी भार कशासाठी, असा रहिवाशांचा आक्षेप होता. कर हा स्थापनेपासूनच देय आहे, ही महानगरपालिकेची भूमिका. वाद न्यायालयात गेला. समाविष्ट क्षेत्रांतील कर टप्प्याटप्प्याने वाढविण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १२९अ मध्ये आहे. तथापि पूर्वी कर भरणाऱ्या गावाचा जुना दर तरी सांगता येतो, सेवा शुल्क भरणाऱ्या वसाहतीचा जुना दर कोणता मानावा?

दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या वहीपुरते सुसंगत आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सिडकोच्या वहीत रहिवाशाचे देणे फिटलेले होते आणि महानगरपालिकेच्या वहीत ते बाकी होते. २०१६ ते २०२१ या काळात दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून मेळ घातला गेला असता, तर वाद टळला असता असे नव्हे; परंतु तो थकबाकी साचण्यापूर्वी झाला असता. शास्ती आणि व्याज हे साचलेल्या काळाचे अपत्य असते.

इतिहासाच्या अभ्यासकास यात आणखी एक चिंतेचा विषय दिसतो. ग्रामपंचायतीच्या हस्तलिखित वहीत ‘शेरा’ नावाचा रकाना असे. वारसांतील तंटा, पडलेले घर, भोगवटादारातील बदल अशा बाबी त्यात मोजक्या शब्दांत येत. नव्या प्रणालीत नाव, क्षेत्रफळ, वापर व मूल्य यांना जागा असते. शेऱ्याला नेमका रकाना सापडत नाही, म्हणून तो बहुधा मागेच राहतो. भूसंपादनाच्या दशकांत कोण कोठे राहत होते, घर केव्हा वाढले, केव्हा विभागले गेले, हे सांगणारी साधने या २९ गावांपुरती थोडी आहेत, आणि त्यांतील एक या वह्यांच्या शेवटच्या रकान्यात आहे.