वाडीतला गोळा आणि तोफेवरची अक्षरे

संमेलनाची तयारी चालू असताना आपल्या ग्रुपवर आलेला एक फोटो अनेकांना आठवत असेल. आपल्या वर्गातल्या रेवदंड्याच्या मित्राकडे त्याचा पुतण्या सुट्टीत मेटल डिटेक्टर घेऊन आला होता. नारळाच्या वाडीत यंत्र वाजू लागले म्हणून त्यांनी खणले, तर दोन हातांवर गंजाने तांबडा झालेला लोखंडी गोळा निघाला. तासाभरात ग्रुपवर निकाल लागला : 'कान्होजी आंग्र्यांच्या तोफेचा गोळा!' संमेलनात तो टेबलावर मांडायचा आणि पुढे तशी पाटी ठेवायची, असेही ठरले. पाटी लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि माझा हात अडला.

कारण मला अलिबागचा कुलाबा किल्ला आठवला. ओहोटी साधून आपली सहल चालत किल्ल्यात गेली होती. उत्तरेकडच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. या आंग्र्यांच्याच, असे आपण मुलांनी ठरवून टाकले आणि आळीपाळीने त्यांना हात लावून आलो. पुष्कळ वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा तोफेवरची इंग्रजी अक्षरे वाचली. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर लोखंड कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल. किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांच्या हयातीत १६८० मध्ये सुरू झाले. कान्होजी १७२९ मध्ये वारले. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान कंपनी सरकारने १८४० मध्ये खालसा केले. म्हणजे या तोफा ओतल्या त्याच्या नऊ वर्षे आधीच आंग्र्यांचे राज्य संपले होते. तोफा खऱ्या, किल्ला खरा, दोघांची आपण लावलेली सांगड तेवढी चुकीची.

तोफेवर निदान अक्षरे तरी होती. गोळ्यावर काहीच नसते. मग तो ओळखायचा कसा?

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. जुने गोळे दोन प्रकारचे : भरीव आणि पोकळ. पोकळ गोळ्यात दारू भरलेली असे आणि वात बसवायला एक भोक ठेवलेले असे. असे भोक किंवा बुजवलेली खूण दिसली, तर गोळा हलवू नये, ठोकू नये, गंज काढायला तापवू तर मुळीच नये, पोलिसांना कळवावे. आपल्या मित्राच्या गोळ्यावर असे भोक नव्हते. त्याने शिंप्याच्या टेपने घेर मोजला : ३२ सेंटिमीटर. म्हणजे व्यास सुमारे १० सेंटिमीटर. या मापाचा भरीव लोखंडी गोळा जवळजवळ ४ किलो भरायला हवा. वाण्याच्या काट्यावर हा ३ किलो ७०० ग्रॅम भरला. थोडा भाग गंजाने खाल्लेला, पण आतून भरीव. वजन फारच कमी भरले असते, तर दोन शक्यता होत्या. एक तर गोळा पोकळ, नाही तर खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे राहून ओतीव लोखंडातले लोह निघून गेलेले आणि मागे ठिसूळ सांगाडा उरलेला. असा गोळा वाळला की हातात भुगा होतो.

दुसरी शंका ऐकून सगळे हसले, पण ती खरी होती. शाळेच्या मैदानावर आपण फेकत होतो तो गोळाही ४ किलोचाच असे आणि आकारानेही एवढाच! तोफेचा गोळा दोन अर्ध्या साच्यांत ओतत, म्हणून त्याच्या पोटावरून जोडाची बारीक रेघ जाते आणि रस ओतल्याची खूण राहते. खेळाचा गोळा बहुधा घासून गुळगुळीत केलेला असतो. मित्राने गोळा भिंगाखाली धरला, तेव्हा रेघ सापडली. गोळा तोफेचाच.

आता प्रश्न उरला, कोणाच्या तोफेचा? हे माप इंग्रजांच्या ९ पौंडी तोफेला बसते. पण पोर्तुगीजांचा रतल ४५९ ग्रॅमचा आणि इंग्रजांचा ४५४ चा; गंजलेल्या गोळ्यात हा फरक कुठे दिसणार? रेवदंड्याला पोर्तुगीजांनी किल्ला बांधला. १५७०-७१ मध्ये मूर्तजा निजामशहाने त्यांना तिथे वेढले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. १७४० मध्ये रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल बसला. जिंकलेल्या तोफा जिंकणारा वापरी आणि शत्रूचा पडलेला गोळा मापात बसला तर उलट त्याच्यावरच डागला जाई.

कोणत्या थरात, कशाच्या शेजारी गोळा होता, यावरून काही कळले असते. शेजारी एखादे खापर किंवा नाणे असते, तर काळ सांगता आला असता. पण खड्डा बुजवला होता आणि गोळा ब्रशने घासून धुतला होता. यंत्र धातू दाखवते. त्याच्या भोवतीची माती काय सांगते आहे, ते दाखवत नाही. म्हणून यंत्र वाजले की आधी फोटो काढावा, खोली मोजावी आणि तिथेच थांबावे. कायदाही हेच सांगतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते आणि संरक्षित किल्ल्यात परवानगीशिवाय खणता येत नाही.

मित्राने तसा अर्ज दिला आहे. तो थोडा हिरमुसला होता. "म्हणजे आंग्र्यांचा नाहीच म्हणतोस?" असे त्याने दोनदा विचारले. मी म्हटले, "नाही असे म्हणत नाही. असेलही. पण आहे असे लिहिता येणार नाही."

तेव्हा संमेलनात टेबलावर गोळ्याचा फोटो असेल आणि खाली एवढीच पाटी : 'भरीव ओतीव लोखंडी तोफगोळा. घेर ३२ सेंटिमीटर, वजन ३ किलो ७०० ग्रॅम. रेवदंडा येथे वाडीत दोन हात खोल सापडला.' त्याखाली मी थोडी जागा कोरी ठेवली आहे. आपल्या नंतरच्या कुणा विद्यार्थ्याला पुरावा सापडला, तर त्याने ती भरावी.