येडशीची छोटी गाडी

जिच्या शिट्टीवर आपण शाळेची वेळ धरायचो, ती बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी मार्ग सुरू केला; १९११ मध्ये गाडी लातूरला पोचली. रुळांमधले अंतर अडीच फूट, एका आसावर भार जास्तीत जास्त पाच टन. म्हणून हलके रूळ पुरले, खर्च वाचला. पण जिल्ह्याचे गाव बाजूला राहिले; उस्मानाबादकर गाडी पकडायला आपल्या येडशीला येत. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि उस्मानाबादला स्टेशन मिळाले. झाले ते योग्यच. पण आपल्या स्टेशनावरची ती गर्दी गेली. मुलांना आता ती गाडी दाखवता येणार नाही, निदान तिची गोष्ट तरी सांगू या.