उधना दरवाजा ते सचिन : खानदेशी माणसाची बीआरटीएस

जळगाव-धुळ्यात बीआरटीएस नाही. तरीही खानदेशातली हजारो माणसे आज सकाळी बीआरटीएसच्या बसमध्ये चढली असतील. फक्त ती बस सुरतेची होती. आजचा धागा या बसवाटेचा इतिहास सांगणारा आहे. ती कुठून आली, चालते कशी आणि आपल्या गावापर्यंत का पोहोचली नाही, हे क्रमाने पाहू.

आधी माणसे सुरतेत कशी पोहोचली ते पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत नंदुरबार-अमळनेरशी जोडली. लोहमार्ग टाकला गेला तो प्रामुख्याने कापसासाठी. पुढे कापसाच्या गाठींपेक्षा माणसेच अधिक जाऊ लागली. दुष्काळ, तुकड्यातुकड्यांत वाटली गेलेली जमीन आणि सुरतेतले यंत्रमाग व साडीछपाई या साऱ्यांनी मिळून उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा हे भाग अर्धे खानदेशी केले. तेथे अहिराणी कानावर पडते, सुरत महापालिकेच्या मराठी शाळा चालतात. भुसावळकडे जाणारा फाटा मुख्य मार्गापासून उधन्यालाच वेगळा होतो, हाही योगायोग नव्हे. गाडीतून उतरलेला माणूस स्थानकाजवळच बिऱ्हाड शोधतो.

आता मूळ कल्पनेकडे वळू. १९७४ साली ब्राझीलमधील कुरितिबा शहरात जैमी लर्नर हे वास्तुविशारद महापौर असताना रस्त्याच्या मधोमध केवळ बससाठी मार्ग राखला गेला. भुयारी रेल्वे परवडत नव्हती, म्हणून बसलाच रेल्वेचे गुण देण्याचा हा प्रयत्न होता. १९९१ मध्ये तेथे काचेच्या नळीसारखी स्थानके आली. प्रवासी आत जातानाच पैसे भरू लागला. डिसेंबर २००० मध्ये कोलंबियाच्या बोगोता शहराने हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर उभी केली आणि जगभरचे नगररचनाकार तेथे पाहणीला जाऊ लागले.

बीआरटीएस म्हणजे वेगळी मार्गिका, एवढीच समजूत आपल्याकडे रूढ आहे. वेळ मात्र मुख्यतः थांब्यावर वाचतो. साध्या बसमध्ये दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात, वाहक सुटे पैसे मागतो, उतरणारे आणि चढणारे एकाच दारात अडकतात. फलाट बसच्या तळाइतका उंच केला, तिकीट स्थानकातच दिले आणि दारे रुंद ठेवली की हे सारे काही सेकंदांत उरकते. समजा, मार्गावर १५ थांबे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी ४० सेकंद वाचले, तर एका फेरीत १० मिनिटे वाचतात. दिवसभरात तीच बस, तोच चालक अधिक फेऱ्या करतो. म्हणजे नवी बस न घेता सेवा वाढते. स्थानक रस्त्याच्या मध्यभागी असल्याने बसची दारे उजव्या बाजूला लागतात. साधी बस त्या फलाटावर निरुपयोगी ठरते, ती यामुळेच.

पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला पहिला प्रयोग केला, आणि नेमका हाच भाग राहून गेला. मार्गिका आखली गेली. बंदिस्त स्थानके, समतल फलाट, आधी तिकीट यांपैकी फारसे काही नव्हते. दुचाकी मार्गिकेत शिरत राहिल्या, रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांचे हाल झाले. माझ्या मते पुणेकरांनी बीआरटीएस नाकारली असे म्हणणे अन्यायाचे आहे; त्यांना ती धडपणे मिळालीच नव्हती. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सांगवी-किवळे हे मार्ग पुरेशा तयारीने सुरू झाले, तोवर शहराचे मत बनून गेले होते.

अहमदाबादने पुण्याचे पाहून धडा घेतला. ऑक्टोबर २००९ मध्ये ‘जनमार्ग’ सुरू झाला तो बंदिस्त स्थानकांसह. सुरतेने अहमदाबादचा कित्ता गिरवला. १९९४ च्या प्लेगमध्ये लाखो लोक सुरत सोडून पळाले होते, त्यांत आपल्याकडचेही असंख्य होते. पुढच्याच वर्षी आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी महापालिकेच्या यंत्रणेला शिस्त लावली. रोज ठरल्या वेळी कचरा उचलू शकणारी संस्थाच रोज ठरल्या वेळी बस सोडू शकते, असे मला या दोन घटनांकडे एकत्र पाहताना वाटते.

जानेवारी २०१४ मध्ये सुरतेचा पहिला टप्पा सुरू झाला : उधना दरवाजा ते सचिन जीआयडीसी, सुमारे १० किलोमीटर. मार्ग पाहा. यंत्रमागांचे उधना, छपाई कारखान्यांचे पांडेसरा आणि शेवटी सचिन. (हे सचिन पूर्वी सिद्दी नवाबाचे संस्थान होते. १७९१ मध्ये जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांकडे सोडण्याच्या मोबदल्यात जंजिऱ्याच्या वारसाला सुरतेजवळचा हा मुलूख मिळाला.) श्रीमंत वस्तीऐवजी कामगारांच्या वाटेवर पहिला मार्ग पडला, म्हणून बस भरल्या. कारभार पाहणारी ‘सिटीलिंक’ ही महापालिकेची कंपनी. बस खासगी ठेकेदार चालवतो, पण त्याचा मोबदला धावलेल्या किलोमीटरवर ठरतो, तिकिटांच्या गल्ल्यावर नव्हे. त्यामुळे प्रवाशांसाठी स्पर्धा करीत पळण्याचे किंवा रिकामी फेरी रद्द करण्याचे कारण त्याला उरत नाही. तोटा महापालिका सोसते.

मग जळगाव-धुळ्याचे काय? डिसेंबर २००५ च्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून देशभरच्या बीआरटीएसना पैसा मिळाला. त्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड होते. खानदेशातले एकही शहर नव्हते. जळगाव व धुळे दोन्ही २००३ मध्येच महापालिका झाल्या होत्या. २०११ च्या जनगणनेत सुरत ४४ लाखांवर, जळगाव ४ लाख ६० हजार, धुळे पावणेचार लाख. एवढ्या लोकसंख्येला संपूर्ण बीआरटीएस झेपणार नाही आणि तिची गरजही नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

पण रस्त्यांची कमतरता होती, असे म्हणता येत नाही. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज यांनी खानदेशचे ठाणे म्हणून नवे धुळे वसवले ते सरळ रस्त्यांनी; गल्ल्यांना तेथे आजही क्रमांक आहेत. जळगावात सतरा मजली महापालिका उभी राहिली. त्याच शहराच्या मधून जुना सहा क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गेला, जो सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघतो. त्यावर ट्रक आणि शाळेची सायकल एकाच पट्ट्यात धावली आणि समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. वाहने वेगळी करणे, हे बीआरटीएसचे पहिले तत्त्व येथे जीव वाचवण्यासाठी मागावे लागले.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली : १०,००० बस आणि २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाखांवरची शहरे. या निकषात जळगाव आणि धुळे दोन्ही बसतात. मोबदला येथेही किलोमीटरवरच आहे; केंद्राचे साहाय्य दहा वर्षांसाठी, उरलेला तोटा स्थानिक तिजोरीचा. भोपाळने २०२४ पासून आपल्या मार्गिका उखडल्या, इंदूरबाबत २०२५ मध्ये तोच निर्णय झाला, पुण्यात नगर रस्त्यावरच्याही निघाल्या. सुरतेतल्या बस मात्र धावत आहेत, आणि सुरतेत शिरण्याआधी भुसावळची पॅसेंजर अजूनही उधन्याला थांबते.