येडशीच्या मुलांचे पाढे आणि दोन नाण्यांचा हिशेब

ज्युबिलीच्या पुस्तकांत प्राथमिक शाळेंतील गणिताची कथा कशास, असें कांहीं वाचक विचारतील. परंतु ज्युबिली हाच मुळीं एक हिशेब आहे. लेवीय ग्रंथांत सात वेळां सात वर्षें मोजून पन्नासावें वर्ष पवित्र मानण्यास सांगितलें आहे. आणि शेत विकतांना पुढील ज्युबिलीस जितकीं वर्षें उरलीं असतील तितक्यांच्या मानानें मोल ठरवावें, असेंहि तेथें आहे. ज्यास त्रैराशिक येत नसेल त्याची अशा व्यवहारांत फसगत व्हावयाचीच.

येडशीच्या शेतकऱ्यावर असा प्रसंग पन्नास वर्षांनीं नव्हे, तर दर बाजारास येत असे. धाराशिव जिल्ह्यांतील हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, आणि शेजारची बार्शी इंग्रजी मुलखांत. १९११ सालीं लातुरास पोंचलेली बार्शी लाईट रेल्वे येडशीवरून जाई. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती लहानशी गाडी माणसें व माल घेऊन सरहद्द ओलांडी. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार. दोन्ही रुपयांचे आणे सोळाच, आण्याच्या पैहि बाराच; मोल मात्र निराळें. सहा कलदारांस सात हाली, म्हणजे शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै, असा भाव सरकारनें ठरविलेला होता.

आतां शाळेंत काय शिकवीत तें पाहूं. जुन्या पंतोजीच्या ओसरीवर मुलें धूळपाटीवर अंक गिरवीत आणि संध्याकाळीं एका सुरांत परवचा म्हणत. पूर्णांकांचे पाढे झाले म्हणजे अपूर्णांकांचे येत : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन. हें ओझें पोरांच्या डोक्यावर उगाच घातलें होतें असें आम्हांस वाटत नाहीं. समजा, बार्शीस साडेतीन आणे वारानें आठ वार कापड घेतलें. औटकी येणारा मुलगा तत्काळ म्हणे, आठ औट अठ्ठावीस. अठ्ठावीस आणे, म्हणजे एक रुपया बारा आणे कलदार. बापाच्या कनवटीस मात्र हाली. मग अठ्ठाविसास सातांनीं गुणून सहांनीं भागावें; उत्तर बत्तीस आणे आठ पै, म्हणजे दोन रुपये आठ पै. दुकानदारानें सवादोन रुपये मागितले तर तीन आणे चार पै फुकट गेले! धान्याच्या मापांतहि असाच खोडा होता. मापी मण सोळा पायल्यांचा, म्हणजे चौसष्ट शेरांचा, आणि वजनी मण चाळीस शेरांचा. मण हा शब्द ऐकून जो मुकाट्यानें मान डोलवी त्याचें घर बुडावयास फार वेळ लागत नसे. सावकाराच्या चोपडीपुढें गरिबाजवळ दुसरें शस्त्र तें कोणतें होतें?

तथापि जुन्याची नुसती स्तुति करणें अप्रामाणिकपणाचें होईल. पाढा मुखोद्गत झाला तरी तो असा कां, हें सांगण्याची चाल फारशी नव्हती. आणि ज्यांस हें शस्त्र सर्वांहून अधिक लागावयाचें, त्या मुली व गांवकुसाबाहेरचीं मुलें त्या ओसरीवर क्वचितच बसत. शिवाय निजामाच्या राज्यांतील हायस्कुलांचें माध्यम उर्दू असे. मराठींत एकोणतीस म्हणणाऱ्या मुलास तेथें उनतीस म्हणावें लागे. हिशेब तोच, परंतु जीभ नवी.

पुढें नाणींच पालटलीं. १९५० पासून हालीच्या जोडीस हिंदी रुपया चालूं लागला, आणि १९५९ पर्यंत हाली शिक्का इतिहासजमा झाला. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १९५८ पासून किलोग्रॅम व मीटर येऊं लागले. दशमानाच्या या राज्यांत औटकीस काम उरलें नाहीं, व ती हळूहळू मुलांच्या जिभेवरून गेली. आम्हांस तिचें दुःख थोडें होतें, हें कबूल करतों.

२०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत एकवीस या संख्येस ‘वीस एक’ असें वाचण्याची रीत आली, तेव्हां महाराष्ट्रांत मोठा गदारोळ उठला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचें म्हणणें साधें होतें : त्रेसष्ट हा शब्द तीन आधीं सांगतो व साठ मागून, लिहितांना मात्र सहा आधीं येतो, आणि जोडाक्षरें लहान मुलास जड जातात. टीकाकारांस यांत भाषेची हानि दिसली. आमच्या मतें मुलाची अडचण खरी होती, आणि उपहास करणाऱ्या पुष्कळांनीं ती ऐकूनहि घेतली नाहीं. हेंहि खरें कीं त्रेसष्ट, एकोणऐंशीं हे शब्द घरांत व बाजारांत रोज कानीं पडतात. मुलास ते शिकल्यावांचून गत्यंतर नाहीं.

जमिनीच्या मोजणींत मात्र दशमानाचा शिरकाव अपुराच राहिला. येडशीच्या शिवारांत आजहि चाळीस गुंठ्यांचा एकर चालतो. तीन भावांत अडीच एकर वांटावयाचे झाले म्हणजे मुलगा प्रथम शंभर गुंठे करतो, मग तिहींनीं भागतो, आणि प्रत्येकास तेहतीस देऊन वरचा एक गुंठा कोणाचा, हा प्रश्न वडील मंडळींपुढें ठेवतो.