सूड कुणाचा?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या या खेळाला तीनच वर्षांत स्वतंत्र राक्षसकोश मिळाला, १९७७ पासूनचा ‘मॉन्स्टर मॅन्युअल’. काही मित्र टेबलाभोवती बसतात, एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली पात्रे होतात आणि जिथे अडेल तिथे फासे निकाल देतात. एवढे ठाऊक असले तरी या खेळातल्या राक्षसांच्या अभ्यासात शिरता येते. खेळ कधी खेळला नसेल, तरी संकोच नको.

इथे आपला विषय आहे रानात वस्ती करून राहिलेले, मरूनही न गेलेले आणि सूड धरून बसलेले जीव. त्यांच्याकडे पाहताना मी आधी एकच प्रश्न विचारतो: हा सूड कुणाचा? कादंबरीत याचे उत्तर लेखक देतो. खेळात ते खेळणाऱ्यांना शोधावे लागते, कारण कोणते हत्यार चालेल हे त्यावर ठरते.

बॅन्शीचे उत्तर सरळ आहे. आयरिश लोककथांत तिचा आक्रोश घराण्यातल्या मृत्यूची चाहूल देतो. खेळाने त्या आक्रोशालाच मारण्याची ताकद दिली आणि तिला एल्फ स्त्रीचे भूत केले. २०१४ च्या कोशात ती जिथे मेली त्या जागेपासून पाच मैलांपलीकडे जाऊ शकत नाही, आक्रोश दिवसातून एकदाच आणि तोही सूर्यप्रकाशात नाही. आपल्याकडच्या पिंपळावरच्या मुंज्यासारखीच ती जागेला आणि स्वतःच्या दुःखाला बांधलेली आहे. तिची नोंद मृतात्म्यांत होते, म्हणून क्लेरिकने, म्हणजे खेळातल्या पुजाऱ्याने, देवाचे चिन्ह उगारले की तिला मागे हटवता येते.

ट्विग ब्लाइट मात्र या हिशेबात बसत नाही, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. ब्रूस कॉर्डेल यांच्या ‘द सनलेस सिटाडेल’ (२०००) या साहसकथेत गुल्थियस नावाच्या व्हॅम्पायरला छातीत खुंटा ठोकून मारलेले असते. तो खुंटा रुजतो, त्याचे झाड होते. झाडाला उन्हाळ्यात फळ धरते, ते आजार बरे करते. हिवाळ्यात धरते ते विषारी. गॉब्लिन ही फळे जवळच्या गावात आणून विकतात. गावकरी बिया पेरतात, रोपे येतात आणि हात-दीड हात वाढली की एका रात्रीत नाहीशी होतात. चोर आले, असे गावाला वाटते. खरे तर ती रोपेच ट्विग ब्लाइट होऊन उठून चालू लागलेली असतात.

२०१४ च्या नियमांत पाहावे तर ट्विग ब्लाइट अगदी दुबळा. त्याचा जीव चार गुणांचा, पहिल्या पातळीचा योद्धाही एका घावात संपवील. पण हालचाल नसेल तेव्हा तो वाळक्या झुडपाहून वेगळा ओळखता येत नाही, आणि येतो तो झुंडीने. त्याची नोंद वनस्पतींत आहे, मृतांत नाही. त्यामुळे क्लेरिकचे चिन्ह इथे निकामी. आग दुप्पट जखम करते, पण आग लावायची ती भर रानात. शिवाय कितीही ब्लाइट तोडले तरी झाड उभे आहे तोवर बी तयार होतच राहते. वैर मेलेल्या व्हॅम्पायरचे आणि ते चालवते झाड, ज्याचे स्वतःचे कुणाशी काही भांडण नाही. इतकी खोल कल्पना अशा दुबळ्या राक्षसाच्या पोटी ठेवावी, हे मला विलक्षण वाटते.

२०१६ च्या ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’मधला वुड वोड जवळचा, पण वेगळा. झाडाचा देह आणि आत अशा माणसाचा आत्मा, ज्याने रानाचा कायमचा राखणदार होण्यासाठी प्राण दिला. त्याच्यापाशी वैर नाही, वचन आहे. तरीही रानात शिरलेल्या परक्यासाठी दोन्हींचा घाव सारखाच बसतो.

नव्या अभ्यासकाने कोशातली नोंद वाचताना आधी तिचा वर्ग पाहावा, मग वर्णन, आणि दोन्ही एकमेकांवर घासून बघावीत. जिथे ती जुळत नाहीत तिथे थांबावे. सुरुवात ‘द सनलेस सिटाडेल’पासूनच करावी, २०१७ च्या ‘टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल’ या संग्रहात ती पाचव्या आवृत्तीच्या नियमांनुसार पुन्हा छापली आहे. त्यानंतर ‘कर्स ऑफ स्ट्राड’ ही साहसकथा वाचावी, कारण तिथल्या यस्टर टेकडीवरही गुल्थियस वृक्ष उभा आहे.