जुन्या नोकियातली ‘जीडीआर’ फॉन्ट फाइल म्हणजे काय? मराठीचे चौकोन का व्हायचे?

जीडीआर ही सिंबियन या बंद पडलेल्या मोबाइल प्रणालीची फॉन्ट फाइल. तिचं मूळ सायन कंपनीच्या एपॉक प्रणालीत आहे. 1998 मध्ये सिंबियन कंपनी स्थापन झाली आणि हीच पद्धत फोनमध्ये आली. नोकिया 6600 (2003) आणि एन70 (2005) या फोनमध्ये अशा फाइली होत्या.

आत काय असायचं?
जीडीआर हा बिटमॅप फॉन्ट आहे. त्यात प्रत्येक अक्षर ठिपक्यांच्या जाळीत ठरलेल्या आकाराचं साठवलेलं असतं. ते मोठं केलं की कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. फाइल लहान आणि स्क्रीनवर चटकन उमटणारी, म्हणून कमी मेमरीच्या फोनला ती सोयीची होती. टीटीएफमध्ये मात्र अक्षराची बाह्यरेषा असते, त्यामुळे आकार कितीही बदलता येतो. एन73 (2006) च्या पिढीपासून सिंबियन फोन टीटीएफकडे वळले.

मराठीची अडचण
युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. पण फोनच्या फॉन्टमध्ये ती अक्षरंच नसली, की बातमी उघडल्यावर नुसते चौकोन दिसायचे. काही जण देवनागरी टीटीएफ मेमरी कार्डवर टाकून बघायचे. चौकोन जायचे, पण अक्षरं जुळायची नाहीत. कारण जोडाक्षर, रफार आणि वेलांटी जागेवर बसवायला फॉन्टसोबत अक्षरजुळणीची यंत्रणाही लागते. ‘कारवार’ नीट दिसायचं, पण ‘निपाणी’ची पहिली वेलांटी ‘न’च्या मागे पडून ‘प’ला चिकटायची. ‘कर्नाटक’मध्ये रफाराऐवजी पाय मोडलेला ‘र’ दिसायचा.

यावर ऑपेरा मिनीमध्ये एक तोड होती. ॲड्रेसच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करून बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू केला, की सर्व्हर मराठी मजकूर चित्ररूपात पाठवायचा. वाचता यायचं, पण डेटा जास्त जायचा आणि मजकूर कॉपी करता यायचा नाही.

शेवट
2011 मध्ये नोकियाने विंडोज फोनची वाट धरली. 2012 चा 808 प्युअरव्ह्यू हा नोकियाचा शेवटचा सिंबियन फोन ठरला. आजचे अँड्रॉइड किंवा आयफोन जीडीआर फाइल फॉन्ट म्हणून वापरत नाहीत.

जुना मजकूर वाचेल का?
बहुतेक वेळा हो. फॉन्टमध्ये फक्त अक्षरांचे आकार असतात, मजकूर वेगळा साठवलेला असतो. जुन्या फोनमधला देवनागरी मेसेज युनिकोडमध्ये असेल आणि तो संगणकावर घेता आला, तर जीडीआरशिवायही नीट दिसतो. तिथे चौकोन दिसत असला तरी मेसेज खराब झाला असं समजून पुसू नये. चित्ररूपात साठवलेलं पान मात्र पुन्हा टाइप करावं लागतं किंवा ओसीआरने वाचून घ्यावं लागतं.

छापखान्यातल्या जुन्या फाइलींचं गणित उलटं आहे. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये केलेली लग्नपत्रिका, स्मरणिका किंवा अंक यांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट हरवला, तर स्क्रीनवर अगम्य इंग्रजी अक्षरं उरतात. कन्व्हर्टर वापरायचा, तरी मूळ फॉन्ट कोणता हे माहीत असावं लागतं. म्हणून अशा फाइलींसोबत त्यांचा फॉन्ट आणि एक पीडीएफ प्रत जपून ठेवलेली बरी.